दुसऱ्या पसंतीचं मत

4 एप्रिल 2023, पहाटेचे पावणेसहा. शिकागोच्या उत्तर टोकाला, डेव्हन अव्हेन्यूपासून थोडं आत असलेल्या एका शाळेच्या जिममध्ये मी मतपत्रिकांचा गठ्ठा सोडला आणि वरचा कागद हातात घेऊन जरा वेळ तशीच उभी राहिले. त्यावर दोनच नावं होती. पॉल व्हॅलस आणि ब्रँडन जॉन्सन. खाली सगळा कागद कोरा.

पाच आठवड्यांपूर्वी, 28 फेब्रुवारीला, मी ह्याच टेबलाशी बसले होते तेव्हा कागद गच्च भरलेला होता. नुसत्या महापौरपदालाच नऊ उमेदवार. त्याखाली सिटी क्लर्क, ट्रेझरर, आमच्या पन्नासाव्या वॉर्डाची नगरसेवकाची जागा, आणि शिकागोत पहिल्यांदाच निवडून द्यायच्या पोलीस डिस्ट्रिक्ट कौन्सिलची नावं. वयस्कर माणसं चष्मा वरखाली करत बराच वेळ उभी राहायची. आता आमच्या वॉर्डाचा निकाल लागून गेला होता, बाकीचंही मिटलं होतं. महापौर कोण, एवढंच काय ते ठरायचं राहिलं होतं. नऊंपैकी कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नव्हती, म्हणून पहिल्या दोघांत ही दुसरी फेरी. इथे तिला रनऑफ म्हणतात.

बाहेर अजून काळोख होता. फेब्रुवारीतही सहाच्या सुमाराला असाच काळोख होता. मधल्या काळात दिवस मोठा झाला, पण घड्याळंही तासभर पुढे सरकली, म्हणून पहाट होती तिथेच राहिली. मला सारखं वाटत होतं, तोच दिवस पुन्हा उजाडतोय.

इथे मतदान केंद्रावर काम करणाऱ्याला इलेक्शन जज म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम आपल्याकडे केंद्रावरचे मास्तर करतात तेच. पाचला हजर व्हायचं, यंत्रांची सीलं तपासायची, दारापासून शंभर फुटांवर निळे शंकू मांडायचे, म्हणजे त्याच्या आत कुणी प्रचार करायचा नाही. सही घेऊन कागद द्यायचा. संध्याकाळी सातला दार लावायचं आणि हिशेब करायचा. केंद्रावर पाच जज असतील तर तीन एका पक्षाचे, दोन दुसऱ्या पक्षाचे, असा इलिनॉयचा कायदा आहे. शहराच्या निवडणुकीत कागदावर पक्षाचं नाव कुठेच नसतं, आणि तरी कागद देणारे हात मात्र पक्षाप्रमाणे वाटलेले. पहिल्या वेळी मला हे विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही. दोन बाजूंची माणसं एकाच टेबलाशी पंधरा-सोळा तास बसली, की एकमेकांच्या चुका काढता काढता एकमेकांचे डबेही खातात.

हे काम मी का घेतलं, ह्याचं उत्तर कराड तालुक्यात आहे.

माझे बाबा तिथल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. निवडणूक आली की ड्युटी यायचीच. 1980 च्या जानेवारीतली लोकसभा मला आठवते, मी नऊ वर्षांची होते. आदल्या दिवशी बाबा ट्रकमधून निघाले. बरोबर लोखंडी मतपेटी, लाख, सुतळी, शाईची बाटली, आणि आईने फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. केंद्र दोन गावं पलीकडे होतं. दुसऱ्या दिवशी मी मामाच्या सायकलवर मागे बसून बघायला गेले. शंभर मीटरवर चुन्याची रेघ मारली होती आणि बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मी हात केला. त्यांनी मानेनेच सांगितलं, रेघेच्या तिकडेच थांब.

त्या रात्री ते बाराच्या पुढे घरी आले. आईने पाणी दिलं आणि विचारलं, "कोण येतंय?" बाबा म्हणाले, "ते पेटीला माहीत. आमचा हिशेब जुळला." दिलेले कागद, उरलेले कागद, खराब झालेले कागद, नोंदवहीतल्या सह्या. हे सगळं एकमेकांशी जुळलं की त्यांच्या लेखी निवडणूक संपली. एका वर्षी एक कागद कमी भरत होता, तेव्हा कंदिलाच्या उजेडात सगळी स्थळप्रतींची पुस्तकं दोनदा उलटून काढली आणि दोन पानं एकमेकांना चिकटलेली सापडली, ही गोष्ट आम्ही भावंडांनी शंभरदा ऐकली असेल.

आणखी एक. मत कुणाला दिलं हे आमच्या घरात विचारायचं नसतं आणि सांगायचंही नसतं. आईलाही त्यांनी कधी सांगितलं नाही, तिनेही त्यांना नाही. मीही इथे सांगणार नाही. एवढंच सांगते, की फेब्रुवारीत ज्या नावासमोर मी खूण केली, ते नाव एप्रिलच्या कागदावर नव्हतं.

शिकागोचा महापौर आपल्या महापौरासारखा नसतो. महाराष्ट्रात महापौराला नगरसेवक निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी, त्यातही आरक्षणाची सोडत आधी, आणि कारभाराच्या चाव्या आयुक्ताकडे. इथे पोलीस, अर्थसंकल्प, बर्फ उपसणाऱ्या गाड्या, आणि बरीच वर्षं शाळासुद्धा, सगळं एका माणसाच्या हातात. 1979 च्या जानेवारीत शहर बर्फाखाली गाडलं गेलं, रस्ते उपसले गेले नाहीत, लोकलगाड्या कृष्णवर्णीय वस्त्यांतली स्टेशनं न थांबता ओलांडून गेल्या, आणि पुढच्याच महिन्यात मायकेल बिलँडिक हे महापौर पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांच्याकडून हरले. आजही इथे हिवाळ्यात निवडणूक आली की जुनी माणसं आधी आकाशाकडे बघतात.

पक्षचिन्हाशिवाय निवडणूक ही कल्पना मात्र मला परकी नव्हती. आपली ग्रामपंचायत आहेच की. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनेल असतात, आणि कोणतं पॅनेल कुणाचं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शिकागोतही तेच. व्हॅलस आणि जॉन्सन दोघंही स्वतःला डेमोक्रॅट म्हणवत होते. कागदावर पक्ष नव्हता, म्हणून सगळा प्रचारच खरा डेमोक्रॅट कोण ह्यावर झाला. एकाच्या पाठीशी पोलिसांची संघटना, दुसऱ्याच्या पाठीशी शिक्षकांची. एकाच पक्षातली दोन घरं, आणि मधली भिंत चांगली जाडजूड.

पण ही रनऑफची रीत आली कुठून, ते मला इथे राहायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर मी तिच्याकडे पूर्वीसारखी निर्धास्तपणे बघू शकले नाही.

1983 साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत तिघं होते. महापौर जेन बर्न, जुन्या महापौर डेलींचा मुलगा रिचर्ड एम. डेली, आणि हॅरल्ड वॉशिंग्टन. बर्न आणि डेली यांच्यात गोऱ्यांची मतं फुटली, आणि वॉशिंग्टन 36 टक्क्यांवर जिंकले. शिकागोत डेमोक्रॅट उमेदवार झाला म्हणजे महापौर झालाच, अशी तोवरची रीत. पण त्या वर्षी एप्रिलमध्ये पक्षाचे कितीतरी गोरे पुढारी रिपब्लिकन उमेदवार बर्नार्ड एप्टन यांच्या मागे गेले. "फार उशीर होण्याआधी" ही त्यांच्या जाहिरातीतली ओळ होती. कशाला उशीर, ते सांगायची गरज नव्हती. तरीही वॉशिंग्टन जेमतेम 52 टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन निवडून आले. शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. दुसऱ्यांदाही निवडून आले आणि नोव्हेंबर 1987 मध्ये कार्यालयातच हृदयविकाराने गेले.

1995 मध्ये, इलिनॉयच्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे असताना, शिकागोच्या महापौराची निवडणूक पक्षविरहित करण्याचा आणि पन्नास टक्क्यांचा कायदा झाला. 1999 पासून तो लागू झाला. कृष्णवर्णीयांची वस्ती असलेल्या शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांत त्याकडे संशयाने बघितलं गेलं, आणि का बघू नये? तिघांत मतं फुटून पुन्हा कुणी हॅरल्ड वॉशिंग्टन येणं ह्या नियमाने अवघड होणार होतं. नियम कागदावर कितीही निर्मळ दिसला तरी तो कधी आणि कुणाच्या अनुभवातून जन्मला, हे शहर विसरत नाही. मी माझ्याबरोबरच्या एका जज बाईंना फेब्रुवारीत ह्याबद्दल विचारलं. त्या साठीच्या पुढच्या, साउथ साइडमध्ये वाढलेल्या. त्या म्हणाल्या, "आम्हाला अडवायला कुंपण घातलं होतं. आम्ही त्यावरून चढायला शिकलो." खरंच आहे ते. 2019 च्या रनऑफमध्ये समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोघीही कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या.

बाबांना हे सगळं मी फोनवर सांगत असते. ऐंशी वर्षांचा गणिताचा मास्तर, त्याला आकडे लागतात. म्हणून 1 मार्चला मी त्यांना आकडे वाचून दाखवले. व्हॅलस 33 टक्के, जॉन्सन जवळजवळ 22, महापौर लोरी लाइटफुट 17, चुई गार्सिया 14, आणि मग बाकीचे. बाबांनी मनातल्या मनात बेरीज केली. "म्हणजे शंभरातल्या पंचेचाळीस जणांनी ह्या दोघांपैकी कुणालाच मत दिलं नाही. आता ह्या पंचेचाळिसांनी ठरवायचं."

मग त्यांनी विचारलं, ह्या लाइटफुट मागच्या वेळी किती टक्क्यांनी आल्या होत्या? मी सांगितलं. 2019 च्या पहिल्या फेरीत चौदा उमेदवार होते, त्यात त्यांना साडेसतरा टक्के मिळाले होते आणि त्या पहिल्या होत्या. रनऑफमध्ये जवळजवळ 74 टक्के, पन्नासच्या पन्नास वॉर्ड. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेव्हा साडेसतरा, आता सतरा. स्वतःची माणसं होती तेवढीच राहिली बघ. मधले छप्पन्न टक्के उसने होते."

हे मी कुठल्याही वर्तमानपत्रात वाचलं नव्हतं. रात्रभर माझ्या डोक्यात ते घोळत राहिलं. चौऱ्याहत्तर टक्के हा आकडा ऐकून अख्खं शहर आपल्या मागे आहे असं कुणालाही वाटेल. पण त्यातली बहुतेक मतं "तुम्हीच हव्यात" अशी नव्हती, "दुसरी नको" किंवा "ह्या चालतील" अशी होती. ती मतं राखायची असतात, रोज थोडी थोडी फेडायची असतात. मला वाटतं, रनऑफ जिंकणाऱ्याने शपथ घेण्याआधी आपला पहिल्या फेरीतला आकडा कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावा.

दुसऱ्या पसंतीचं गणित बाबांना माहीत आहे ते शिक्षक मतदारसंघामुळे. माध्यमिक शिक्षक म्हणून विधान परिषदेच्या त्या निवडणुकीत त्यांनी दर सहा वर्षांनी मत दिलं. तिथे शिक्का नसतो, नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. पहिल्या पसंतीच्या मतांत कुणी जिंकायला लागणारा कोटा गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद, आणि त्याचे कागद दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुढे. आपल्या पेपरांत "दुसऱ्या पसंतीच्या मतांवर विजयी" अशी बातमी येते ती ह्याचीच. शाळेत कितीतरी सर फक्त 1 लिहून यायचे. अभिमानाने सांगायचे, मी दुसरा आकडा लिहिलाच नाही. बाबा त्यांना म्हणायचे, "तुमचा उमेदवार बाद झाल्यावर तुमचा कागद बाजूला ठेवतात, सर. मतमोजणी पुढे चालू असते आणि तुम्ही घरी."

आणि मग ते 1969 वर यायचे. राष्ट्रपतिपदाची निवडणूक. व्ही. व्ही. गिरी 4,01,515, नीलम संजीव रेड्डी 3,13,548, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, 1,12,769. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून आलेला माणूस. पहिल्या मोजणीत कोटा कुणालाच मिळाला नाही. देशमुखांच्या कागदांवरची दुसरी पसंती बहुतेक रेड्डींकडे गेली, रेड्डी चार लाखांच्या वर चढले, आणि तरी शेवटी गिरी 4,20,077 विरुद्ध 4,05,427 असे निवडून आले. बाबांना हे आकडे पाठ आहेत. तिसरा आलेला माणूससुद्धा मोजणीतून जात नाही, हे त्यांना त्यातून सांगायचं असतं.

ह्या वेळी ते मला नाही, माझ्या मुलाला सांगत होते. बावीस वर्षांचा आहे तो. इथेच जन्मला, ह्याच वॉर्डात शाळेत गेला. फेब्रुवारीच्या आधी दोन महिने तो एका उमेदवारासाठी थंडीत दारोदार फिरला होता, ओठ फुटेस्तोवर. त्याचा उमेदवार हरला. त्या रात्री तो जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आई, एप्रिलमध्ये मी जाणार नाही. दोघांपैकी एकही मला नको आहे. नको असलेल्याला मत देणं म्हणजे मीच माझ्याशी खोटं बोलणं."

त्याच्यावर मी रागावले नाही. त्याचं दुःख खरं होतं. मला काय वाटतं ते फक्त त्याला सांगता येत नव्हतं. आजोबांनी फोनवर देशमुखांची गोष्ट सांगितली, ती त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "पण आजोबा, तुम्ही एकाच वेळी 1 आणि 2 लिहिता. तेव्हा तुम्हाला हरल्याचं माहीत नसतं."

बाबांकडे ह्याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. पोरगं अगदी नेमकं बोललं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत महापौराची निवडणूकही पक्षविरहित असते, पण तिथे पसंतीक्रम एकदाच लिहितात, रनऑफचा वेगळा दिवस लागत नाही. स्वस्त पडतं, वेळ वाचतो, बाबांना तेच पटतं. मला मात्र आता तसं वाटत नाही. दुसरा आकडा लिहिताना हाताला काही वजन जाणवत नाही, कारण पहिल्याची आशा अजून जिवंत असते. पाच आठवडे हरलेलं मन घेऊन फिरायचं, ज्या दोघांना आपण नाकारलं त्यांचं पुन्हा एकदा नीट ऐकायचं, आणि मग त्यातला एक निवडायला स्वतःच्या पायांनी चालत यायचं, ही वेगळी गोष्ट आहे. जड आहे, आणि म्हणूनच ती शहराने माणसाकडे मागावी असं मला वाटतं. पण जो ते वजन उचलू शकत नाही त्याला काय सांगायचं, हे मला माहीत नाही.

ते पाच आठवडे मी दोघांनाही मनापासून ऐकलं. शिक्षकाची मुलगी असल्यामुळे असेल, माझं लक्ष शाळांवरच होतं. ज्या 1995 साली हा निवडणुकीचा नियम झाला, त्याच साली शहरातल्या शाळा महापौराच्या ताब्यात आल्या, आणि तोवर महापौर झालेल्या त्याच रिचर्ड एम. डेली यांनी त्यांच्या प्रमुखपदी पहिल्यांदा नेमलं ते पॉल व्हॅलस यांनाच. समोर ब्रँडन जॉन्सन, कॅब्रिनी-ग्रीनसारख्या गरीब वस्तीत मुलांना शिकवलेले, मग शिक्षक संघटनेचे कार्यकर्ते. 2013 मध्ये पन्नासच्या आसपास शाळा एकदम बंद झाल्या तो घाव ह्या शहरात अजून ओला आहे. एक जण शाळेकडे वरून ताळेबंदासारखा बघत आलेला, दुसरा वर्गात उभा राहून. ताळेबंदाशिवाय शाळा चालत नाही हे बाबांच्या घरात मी बघितलं आहे, आणि वर्ग बंद पडला की गावाचं काय होतं तेही. डेव्हनवरच्या किराणा दुकानात, मसाल्यांच्या रांगेत उभं राहून, मी एका बाईंशी ह्यावर अर्धा तास बोलले. त्यांचाही फेब्रुवारीतला उमेदवार गेला होता. निघताना त्या म्हणाल्या, "अजून ठरत नाही, पण येईन."

त्या आल्या. सकाळी दहाच्या सुमाराला, मुलीला घेऊन. कागद घेऊन आत गेल्या आणि दोन नावांच्या त्या कागदापुढे इतका वेळ उभ्या राहिल्या, की आमच्यातल्या एकाला वाटलं काही मदत हवी असेल. मी त्याला खुणेने थांबवलं.

दिवसभर माणसं येत होती. पहिल्या फेरीपेक्षा थोडी जास्तच, आणि शहरभर तसंच झालं. फेब्रुवारीत नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे 36 टक्के आले होते, एप्रिलमध्ये सुमारे 39. तीन टक्के म्हणजे फार नाहीत, पण पर्याय कमी झाल्यावर माणसं वाढली, ह्याचं मला मनापासून बरं वाटलं. जिमच्या दारावरच्या पाट्यांत हिंदीही होती, आणि देवनागरी अक्षरं बघून एक वृद्ध गृहस्थ क्षणभर थांबून हसले होते, तेही लक्षात राहिलं.

मी मात्र दाराकडे बघत होते. साडेसहा. पावणेसात. सात वाजायला दोन मिनिटं असताना एक नर्स धावत आली, तिला कागद दिला. सातला आमच्यातल्या एकाने दाराबाहेर जाऊन मोठ्याने सांगितलं, मतदान संपलं. मग दार लागलं.

पुढचं काम बाबांचंच. सह्या किती, दिलेले कागद किती, खराब किती, यंत्राने गिळले किती. साउथ साइडच्या त्या बाई वाचत होत्या, मी लिहीत होते, समोर दुसऱ्या पक्षाचे दोघं तपासत होते. एकदा एक आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. यंत्रातून निकालाची लांब पट्टी निघाली, तिच्यावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.

गाडीत बसले तेव्हा रेडिओवर सांगत होते, की जॉन्सन जिंकले आणि व्हॅलस यांनी पराभव मान्य केला. पुढे आकडे पक्के झाले तेव्हा फरक सुमारे 26 हजार मतांचा निघाला. पहिल्या फेरीत सव्वा लाखाच्या आसपास मतं असलेला माणूस तीन लाखांच्या पुढे गेला होता.

घरी पोचून मी कराडला फोन लावला. तिथे सकाळचे सव्वाआठ झाले होते. मागे पंख्याचा आवाज येत होता.

"हिशेब जुळला का?" बाबांनी विचारलं.

"जुळला, बाबा."

"आणि पोरगं? आलं होतं?"

"नाही आलं."

थोडा वेळ नुसता पंखाच ऐकू येत राहिला.

"बरं," बाबा म्हणाले. "तू काही खाल्लंस का दिवसभरात?"